तिसऱ्या नंबरची राखण

दोन आठवड्यांच्या सायकल शर्यतीतला शेवटचा आठवडा सगळ्यात कंटाळवाणा असतो, हे आधी कुणी सांगत नाही. पहिल्या आठवड्यात घाट असतात, पडझड असते, रडारड असते, पेपरवाले असतात. शेवटच्या आठवड्यात नुसती राखण उरते. आपल्याजवळ जे काही जमलं आहे ते कुणी पळवू नये म्हणून रोज सकाळी उठून पुन्हा सायकलवर बसायचं. धानाच्या राशीजवळ खाट टाकून बसणारा माणूस जितका आनंदी असतो तितक्याच आम्ही आनंदी होतो.

आमचा जिल्ह्याचा संघ पाच मुलींचा होता. त्यातल्या चार जणींची किंमत शून्य, हे मी रागाने म्हणत नाही, शर्यतीच्या हिशेबाने म्हणते. राज्यभर फिरणारी बायकांची शर्यत, रोज एक टप्पा, रोजचा वेळ बेरजेत धरायचा, आणि शेवटी जिची बेरीज सगळ्यात कमी ती पहिली. आमच्यात बेरजेचं महत्त्व फक्त कॅप्टनला होतं. बाकी आम्ही चौघी तिच्यासाठी हवा कापायला, पाण्याच्या बाटल्या आणायला आणि तिचं चाक फुटलं तर आपलं चाक काढून द्यायला. मी शेवटून तिसरी होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. नाही, वाटत होतं. पण ते सांगायची सोय नव्हती.

कॅप्टन तिसरी होती. ते कसं झालं ते सांगते, कारण लोकांना अजून वाटतं की ती फार मोठी खेळाडू होती. ती चांगली होती, पण तिसरी झाली ते कुणाला ठाऊक नव्हती म्हणून. तिसऱ्या दिवशी माळावरच्या सपाट टप्प्यात चार मुली पुढे पळाल्या, त्यात ही एक. मागच्या मोठ्या संघांनी एकमेकींकडे पाहिलं, भंडाऱ्याची कोण ही, जाऊ द्या म्हणाल्या. संध्याकाळी बेरीज झाली तेव्हा त्या जाऊ दिलेल्या पोरीकडे चांगली चार-पाच मिनिटं जमा होती. पुढे घाटांत ती मिनिटं रोज झिरपत गेली. विदर्भात आलो तेव्हा पहिल्या दोघी हाताला न लागण्याइतक्या पुढे होत्या, पाचवी खूप मागे होती, आणि चौथी आमच्या मागे चाळीस सेकंदांवर होती. म्हणजे आमची अख्खी शर्यत आता या चाळीस सेकंदांएवढी उरली होती.

ते सेकंद कशाला हवे होते, तेही सांगून टाकते. पहिल्या तिघींना जे प्रमाणपत्र मिळणार होतं ते खेळाडूंच्या जागेवर नोकरीला चालणार होतं. कॅप्टनच्या वयाला बसणारी ती शेवटची भरती. तिचं सासर लाखनीकडे. सासूने तिला एक वर्ष दिलं होतं, मोजून एक. तिसरी आली आणि नोकरी लागली तर ठीक, नाही तर सायकल विकायची आणि घरचं पाहायचं. सासू वाईट नव्हती. कॅप्टनची चार वर्षांची मुलगी त्या एका वर्षात सासूच्याच कुशीत झोपत होती. त्यामुळे तिच्यावर चिडताही येत नव्हतं, आणि मला कुणावर तरी चिडल्याशिवाय सायकल चालवता येत नाही.

चौथ्या नंबरची मुलगी उंच होती. नाव घेत नाही, आम्ही तिला उंचच म्हणायचो. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये ती अशी सुटायची की आम्ही उभ्या आहोत असं वाटावं. टप्प्याच्या मध्ये दोन ठिकाणी रंगवलेली रेघ असते, ती आधी ओलांडणाऱ्या तिघींच्या वेळातून दोन-तीन सेकंद वजा करतात. शेवटच्या रेघेवर जास्त. उंच रोज हेच खायची. आज तीन, उद्या पाच. आमचे सर, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे मास्तर, दुसऱ्याची जीप चालवत मागून यायचे आणि रोज सकाळी एकच डाव समजावून सांगायचे.

डाव असा. सुरुवातीलाच तीन-चार निरुपद्रवी मुलींना पुढे पळू द्यायचं. त्या पुढे गेल्या की मधल्या रेघांवरचे सेकंद त्याच खातील, उंचच्या ताटात काही पडणार नाही. म्हणून उंचचा संघ कुणालाच पळू देत नसे. पहिला तासभर रोज हीच मारामारी. मी पळायचे, त्या पकडायच्या. आमची धाकटी पळायची, त्या पकडायच्या. शेवटी त्या दमल्या की कुणीतरी सुटायचं आणि मग सगळ्या घोळक्यात पाणी पिणं, संत्री सोलणं सुरू व्हायचं. टीव्हीवर पाहणाऱ्याला वाटतं की आता काही होत नाही. खरं तर तेव्हाच आमचं काम फत्ते झालेलं असे.

आपल्या भागात चढ नाही म्हणून कॅप्टन वाचेल, असं सगळे म्हणायचे. सपाट रस्त्यावर कोण कुणाला टाकून जातं? हे म्हणणारे कधी डिसेंबरात धान कापून झालेल्या बांध्यांमधून, म्हणजे खाचरांमधून, सायकलवर गेलेले नसतात. उभं पीक असतं तेव्हा वारा अडतो. कापणी झाली की चारी बाजूंनी नुसतं मोकळं रान, आणि वारा बाजूने येऊन सरळ बरगडीत शिरतो. बाजूचा वारा असला की घोळका तिरक्या रांगेत जातो, रस्त्याच्या रुंदीत मावतील तेवढ्याच मुलींना आडोसा मिळतो, बाकीच्या कडेला लोंबकळतात. तिथे एकदा मागे पडलं की पडलंच. मी पवनी तालुक्यातली, आसगावची. मला हे शाळेत जातानाच कळलं होतं.

आसगाववरून टप्पा गेला तेव्हा माझ्यासाठी घोळका थांबला होता. सायकलवाल्यांत ही जुनी रीत आहे. कुणाचं गाव रस्त्यात आलं की बाकीच्या हळू होतात, त्या मुलीला पुढे जाऊन घरच्यांना भेटू देतात, आणि तेवढ्यात कुणी डाव टाकत नाही. पिवळ्या जर्सीवाली, म्हणजे पहिल्या नंबरची, स्वतः म्हणाली, "जा गं, भेटून घे." मी मोठ्या ऐटीत पुढे निघाले. गाव रिकामं. सगळे चुरण्यावर गेलेले, धान झोडपायला. पानठेल्यावर माझे मोठे काका एकटे बसले होते. मी ब्रेक दाबला.

"कितवी हायेस?" काका म्हणाले.

"शेवटून तिसरी."

"मंग थांबली काहून? जाय ना लवकर."

मी गेले. घोळक्यात पोहोचल्यावर सगळ्या विचारायला लागल्या, कोण कोण भेटलं, रडली का. मी म्हटलं, हो, फार रडले. कॅप्टन खो-खो हसली. तिला माझा चेहरा वाचता यायचा.

तुमसरला एका मंगल कार्यालयात मुक्काम पडला तेव्हा चाळीसचे एकोणीस सेकंद झाले होते. दोन टप्पे उरले होते. उद्याचा तुमसरहून सिहोऱ्याकडे जाऊन तलावाला वळसा घालून परत, आणि परवाचा भंडारा शहरातच गोल गोल. शेवटच्या दिवशी फार तर आठ-दहा सेकंद जातील असा सरांचा हिशेब होता. म्हणजे उद्या सांभाळलं की झालं. उद्याच्या रस्त्यावर कॅप्टनचं माहेर होतं.

ती गोष्ट तिने आम्हाला सकाळी चहाच्या वेळी सांगितली. दिवाळीला ती माहेरी गेलीच नव्हती, सरावामुळे. गावच्या मंडईच्या जत्रेलाही गेली नव्हती, आणि आमच्याकडे दिवाळीनंतरच्या मंडईला लेक आली नाही तर चार घरच्या बाया तिच्या आईला विचारायला येतात. "माय उभी राहीन रस्त्यावर," ती म्हणाली. "हात दाखवीन अन् निंगून जाईन." सर म्हणाले, "थांबू नको हं." ती म्हणाली, "नाही ना सर, थांबतो कायले?"

टप्पा चांगला सुरू झाला. पहिल्या तासातच चार निरुपद्रवी मुली पळाल्या, उंचचा संघ दमलेला होता, त्यांनी जाऊ दिलं. आम्ही पाचही जणी पुढे, हातांत हात घातल्यासारख्या. सिहोऱ्याच्या अलीकडे कॅप्टनचं गाव दिसायला लागलं. रस्त्यावर रांगोळी, दोन खांबांना बांधलेलं कापड, शाळेची पोरं झेंडे घेऊन. पिवळ्या जर्सीवालीने मागे वळून मान हलवली. रीतीप्रमाणे घोळका हळू झाला. कॅप्टन पुढे गेली, आणि मी तिच्याबरोबर गेले, कारण मला तिच्या "हात दाखवीन" वर विश्वास नव्हता.

रस्त्याच्या कडेला पाट मांडलेला होता.

पाटाशेजारी ताट, ताटात हळदीकुंकू, नारळ, तांदूळ आणि हिरवा खण. लेक माहेरच्या वाटेवरून रिकाम्या ओटीने जाऊ द्यायची नाही, आणि दिवाळीची ओटी तर राहिलेलीच होती. तिच्या आईच्या दृष्टीने यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. मोटारसायकली, जीपा, दिवे, एवढी वरात गावात येते आहे, त्यात आपली पोरगी तिसरी आहे, सगळ्या सोबतच तर चालल्या आहेत. दोन मिनिटं बसली तर कुणाचं काय जातं?

कॅप्टन सायकलवरून उतरली. उतरताना तिने माझ्याकडे पाहिलं. मी आजही सांगते, तिला सगळं कळत होतं. पण आई पुढे आली, तिने दोन्ही हातांनी लेकीचा चेहरा धरला, आणि ती पाटावर बसली. मला वाटतं त्या वेळी तिच्या जागी मीही बसले असते, आणि याचाच मला जास्त राग येतो.

हेल्मेट काढलं. आईने कुंकू लावलं. जर्सीला पदर नसतो, म्हणून कॅप्टनने जर्सीचा खालचा काठ दोन्ही हातांनी पुढे ओढून धरला आणि त्यात तांदूळ पडले. ओटी भरणाऱ्या बायांतली पहिली झाली, दुसरी झाली. मागून घोळका आला. इतका हळू चालला होता की पोरं शेजारून धावत होती. पिवळीने हात जोडले, बायांनी तिच्यावरही फुलं टाकली. उंचने मान खाली घातली आणि ती आमच्याकडे न पाहता गेली. तिसरी झाली. चौथी झाली. घोळका गावाच्या बाहेर पडला.

"चाल ना वं," मी ओरडले. "झालं ना आता!"

"पाच झाल्याबिगर उठू नये, बाई," आई म्हणाली. हे तिने रागावून नाही, समजुतीने सांगितलं.

"मंग पाचवी कोठी हाये?"

पाचवी म्हणजे कॅप्टनची चुलती. ती सकाळपासून तिथेच उभी होती. टीव्हीवाले येणार असं कुणीतरी म्हणालं म्हणून ती नवं लुगडं नेसायला घरी गेली होती. एक पोरगी तिला बोलवायला धावली. आम्ही वाट पाहत राहिलो. कॅप्टन पाटावर, काठ पसरून, मांडीच्या स्नायूंना मध्येच झटके येत होते. मी एक पाय जमिनीवर टेकून. आईने तेवढ्यात माझ्याकडे पाहिलं.

"तुयं लग्न झालं काय?"

"नाही."

"मंग तुले नुसता कुंकू." आणि माझ्या हेल्मेटखाली बोट घालून तिने मला कुंकू लावलं. घामाबरोबर ते डोळ्यात उतरलं. त्यानंतरचा सगळा टप्पा मी एका डोळ्याने चालवला.

चुलती आली. निऱ्या सावरत, हसत, बिलकुल घाई न करता. ओटी भरली, गालावरून बोटं मोडली. मग उठल्यावर पाया पडणं आलंच. पाच जणींच्या पाया पडून कॅप्टन सायकलकडे आली तेव्हा रस्ता रिकामा होता. सायकलवाल्यांच्या जर्सीला पाठीमागे तीन खिसे असतात. तिने खायच्या वड्या काढून माझ्या हातात कोंबल्या, मधल्या खिशात नारळ घातला, एकात रुमालात बांधलेले तांदूळ, एकात खण. आईने पाठीवर थोपटलं. आम्ही निघालो. गावाच्या टोकाला आमची धाकटी थांबली होती, ती सोबत आली. तिघी झालो.

उंचने डाव टाकला नाही. लोक तसं म्हणतात, आमच्याच जिल्ह्यातले जास्त म्हणतात, पण ते खोटं आहे. घोळका गावाबाहेर बराच वेळ रेंगाळला. मग पंच मोटारसायकलवरून आले, रस्ता फार वेळ बंद ठेवता येत नाही, चला म्हणाले. पिवळीने मागे पाहिलं, आमचा पत्ता नाही. त्या रोजच्या वेगाने निघाल्या, बस. पण पुढे रस्ता तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, चढतो. पाळीवर झाड नाही, घर नाही, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला खाली कापलेल्या बांध्या. तिथे वाऱ्यात रोजचा वेगही पुरेसा झाला. घोळका आपोआप तिरक्या रांगेत गेला, आणि तिरक्या रांगेत गेलेल्या घोळक्याला तीन मुली पकडू शकत नाहीत.

आमच्या उरलेल्या दोघी घोळक्यातच होत्या. त्यांना थांबवायला सर जीप घेऊन पुढे जायला निघाले, तर पंचांनी जीप अडवली. मग सर आमच्याशेजारी आले. पंधरा दिवस हा माणूस खिडकीतून डोकं काढून ओरडत होता. आता काच खाली होती आणि तो दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून नुसता समोर पाहत होता. त्याच्याकडे पाहून मला पहिल्यांदा वाटलं की आता संपलं.

आम्ही पाळी-पाळीने पुढे येत होतो. पुढे असेल ती दहा-बारा पायडल जीव तोडून मारणार, बाजूला होणार, मागे लागणार. कॅप्टन पुढे आली की तिच्या पाठीवर तो नारळ उड्या मारायचा. दर पायडलला कमरेच्या हाडावर आदळत होता.

"फेक ना तो नारळ!" मी ओरडले.

"ओटीचा नारळ कसा फेकू वं?"

"मले दे मंग!"

"ओटी दुसऱ्याच्या हातात देत नसतात."

मी इतकी शिवी दिली की धाकटी दचकली. कॅप्टनने नुसतं डोकं आणखी खाली घातलं. त्या नारळामुळे शर्यत गेली असं मी म्हणणार नाही, नारळाचं वजन ते किती. पण त्या क्षणी मला कळलं की हिला आपण जिंकवू शकणार नाही. कुणीच शकणार नाही. तिचे पाय शर्यतीत होते आणि बाकी सगळी ती पाटावर बसलेली होती.

पाळ जिथे वळते तिथून पाण्यापलीकडे घोळका दिसला. तिरक्या तिरक्या तीन रांगा, रंगीत. जवळ वाटत होता. धाकटी तिथेच मागे सुटली, तिला उलटी झाली. मग थोड्या वेळाने मी सुटले. कॅप्टनचं चाक माझ्यापासून एक हात लांब गेलं, मग दोन हात, मग मला तिला हाक मारायलाही दम उरला नव्हता. ती एकटी गेली.

तुमसरच्या रेघेवर ती घोळक्यानंतर पाऊण मिनिटाने पोहोचली. गणित सोपं होतं आणि वाईट होतं. एकोणीस सेकंदांची मालकीण आता सव्वीस सेकंदांची देणेकरी झाली होती, आणि शेवटच्या रेघेवर उंचने खाल्लेले वेगळेच. सर पंचांकडे गेले. मीही गेले, कुंकवाने लाल झालेला डोळा घेऊन.

"गाव आलं की थांबायची रीत आहे ना," सर म्हणाले.

"रीत आहे सर, नियम नाही," पंच म्हणाले. "आणि थांबले होते सगळे. तुम्हीच सांगा, किती थांबायचं?"

पंच भला माणूस होता, त्याने आम्हाला चहा दिला. मंगल कार्यालयात परतल्यावर कॅप्टनने नारळ काढून ठेवला. तिच्या कमरेवर नारळाएवढाच काळानिळा डाग पडला होता. सरांनी तो नारळ फोडला आणि सगळ्यांना वाटला. मी नको म्हटलं. मग भुकेने घेतला. खोबरं गोड होतं आणि मला त्याचाही राग आला.

कॅप्टन रडली नाही. ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "माय वाळली हाये वं. दिसली काय तुले?" मी म्हटलं, नाही दिसली. मला खरंच दिसली नव्हती. मी त्या बाईकडे नीट पाहिलंच नव्हतं.

शेवटच्या दिवसाबद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे. भंडाऱ्यातल्या त्या फेऱ्यांत आम्ही जे काही करता येईल ते केलं. पहिल्या रेघेसाठी आम्ही चौघींनी कॅप्टनला पुढे ओढत नेलं आणि रेघेच्या अलीकडे उंच बाजूने येऊन निघून गेली. दुसऱ्या रेघेलाही तेच. तिसऱ्यांदा आम्ही प्रयत्न केला नाही. शेवटच्या फेऱ्यांत कॅप्टन मधोमध चालवत होती, कुणाच्याही वाटेत न येता. लोक टाळ्या वाजवत होते, कारण भंडाऱ्याच्या लोकांना आपली मुलगी दिसली एवढंच पुरेसं होतं. शर्यत संपली तेव्हा उंच आमच्याजवळ आली. काही बोलायचं होतं तिला. कॅप्टननेच तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "चांगली चालवली तू." उंच रडायला लागली. मी तिथून निघून गेले, मला तिचं रडणं परवडणारं नव्हतं.

बक्षिसांचा मांडव मैदानात होता. तिथे कॅप्टनची आई बसली होती.

गावातून टेम्पो करून बारा-पंधरा बाया आल्या होत्या. पहिल्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. आईच्या हातात सकाळचा पेपर होता, त्यात ओटीचा फोटो आणि त्याखाली छापलेलं, तिसऱ्या क्रमांकावर असलेली आपली कन्या. पेपरवाल्याने टप्पा संपायच्या आधीच बातमी पाठवली असणार. आणि काल संध्याकाळी कॅप्टनने घरी फोन केला नव्हता.

पाहुण्यांची भाषणं झाली. तिसरा क्रमांक म्हणून उंचला बोलावलं. बायांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी, पहिली, पिवळी जर्सी, हार, फोटो. बाया टाळ्या वाजवत होत्या आणि आई मान उंचावून मांडवाच्या कडेला पाहत होती, आपली पोरगी कुठून चढणार म्हणून. मग आभार झाले. राष्ट्रगीत झालं. लोक उठले. टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला, तशा बाकीच्या बायाही एकेक करून उठल्या. त्यांना कळलं असावं, त्या एकमेकींशी हळू बोलत होत्या. चुलती सगळ्यात आधी गेली. आई बसून राहिली.

मांडववाली माणसं मागच्या रांगेपासून खुर्च्या एकात एक घालायला लागली. कॅप्टन कपडे बदलून आली. मी तिच्यासोबत होते. काल दुपारपासून मी मनात घोकत होते, या बाईला एकदा तोंडावर सांगायचं. तुमच्या पाचवीने आमची दोन आठवड्यांची मेहनत घालवली, तुमच्या पोरीची नोकरी घालवली. वाक्यं तयार होती.

"चाल माय," कॅप्टन म्हणाली. "टेम्पो थांबला हाये."

"थांब ना वं. घेतील ना तुयं नाव."

कॅप्टन तिच्याशेजारच्या खुर्चीवर बसली. दोघी रिकाम्या स्टेजकडे पाहत बसल्या. खुर्च्या उचलणारा जवळ आला, त्यांना पाहून बाजूच्या रांगेकडे गेला.

"माय, मी चौथी आली," कॅप्टन म्हणाली.

"कशी? पेपरात तं तिसरी हाये."

"वारा लय होता काल. पाळीवर."

आईने पेपराची घडी केली. मग माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं. बारीक, उन्हात रापलेली, गालफडं बसलेली बाई.

"वारा होता काय, बाई?" तिने मला विचारलं.

"हो काकू," मी म्हटलं. "वारा होता."

लेकीचा हात तिने आपल्या मांडीवर ओढून घेतला होता आणि त्यावरून आपला हात फिरवत होती. मग म्हणाली, "पुढच्या साली बी आपल्याच गावावरून काढा म्हणून सांगजो त्याइले. मी पाचही जणीइले आधीच उभ्या ठेवीन. वेळ नाही लागू देणार."

"हो माय," कॅप्टन म्हणाली. "सांगीन."